बेअरिंग बोलतंय, पण कुठलं?

जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्समधून येणाऱ्या ‘घूंऽऽ’ आवाजाबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की अख्खं सदर त्यालाच द्यावं लागलं. वाचकांच्या गाड्यांची नावं गाळली आहेत. तपासण्याची रीत सगळ्यांना सारखीच लागू पडते.

प्रश्न : माझी २००८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढच्या चाकांवर चालणारी. सव्वा लाख किलोमीटर झाले. ताशी चाळीसच्या पुढे बारीक रडल्यासारखा आवाज येतो आणि वेगाबरोबर चढत जातो. गॅरेजवाले म्हणतात, गिअरबॉक्स उतरवून खोलल्याशिवाय काही सांगता येणार नाही. खरंच खोलावा लागेल? (सांगली)

उत्तर : लागेलही कदाचित, पण कशासाठी खोलतोय हे आधी ठरायला हवं. गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सल, क्लचची केबल, स्टार्टर, माउंटिंग, सगळं सोडवणं आलं. टेबलावर सुटा पडलेला गिअरबॉक्स आवाज करत नाही. त्यामुळे आवाजाची जागा गाडी चालती असतानाच पकडायची.

सुरुवात गाडी उभी असताना करा. इंजिन गरम, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला आणि क्लचवरून पाय काढलेला. या वेळी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाची ताकद आत आणणारी दांडी) फिरत असतो. आवाज येत असेल तर क्लच पूर्ण दाबा आणि चार-पाच सेकंद थांबा. दाबल्यावर आवाज विरत गेला तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट, दाबल्यावरच सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). गिअरबॉक्सच्या आतलं काही नाही. क्लच दाबा नाही तर सोडा, आवाजाला काहीच फरक पडत नसेल आणि तो फक्त अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढत-उतरत असेल, तर अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा बेल्टच्या टेन्शनरकडे बघा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवली की बेअरिंगची घरघर स्वच्छ ऐकू येते. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी बेल्टपासून लांब ठेवा.

एक सावधगिरी. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलिंगला असताना हलकी खडखड येते आणि क्लच दाबला की थांबते. ती इंजिनाच्या धक्क्यांमुळे गिअरचे दात एकमेकांवर आपटण्याची खडखड असते. बऱ्याच गाड्यांत ती पहिल्या दिवसापासून असते आणि तिच्यासाठी कोणी गिअरबॉक्स खोलू नये. आपण शोधतोय तो सलग सूर.

आता रस्ता. सरळ, मोकळा, फारशी रहदारी नसलेला. प्रत्येक गिअरमध्ये गाडी थोडी ओढा, मग अ‍ॅक्सिलरेटर सोडून इंजिनच्या अडवणुकीवर येऊ द्या. शेजारी बसलेल्याने कागदावर मांडायचं: कुठला गिअर, किती वेग, ओढताना की सोडताना. गाडी चालवणाऱ्याने लिहायला जाऊ नये. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्या गिअरची जोडी किंवा त्याच्या आतलं नीडल बेअरिंग (गोळ्यांऐवजी सुईसारखे बारीक रोलर असलेलं). रिव्हर्सचा आवाज मोजायचाच नाही. रिव्हर्सचे दात बहुधा सरळ कापलेले असतात आणि ते ओरडणारच.

तुमच्या पत्रावरून आवाज वेगाबरोबर चालतो, म्हणून यानंतरची चाचणी तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची. साठच्या वेगात गिअर न्यूट्रलला टाका, क्लच सोडा आणि गाडी नुसती पळू द्या. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेकचा बूस्टर इंजिनावर चालतो. आवाज गेला, तर तो इनपुट शाफ्टकडचा किंवा लोडखाली येणाऱ्या गिअरचा. जशाच्या तसा राहिला, तर चाकाबरोबर फिरणाऱ्या गोष्टींपैकी एक: काउंटर शाफ्टचं (गिअरबॉक्समधल्या दुसऱ्या दांडीचं) बेअरिंग, डिफरन्शिअलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचं) बेअरिंग, त्याला फिरवणारं फायनल ड्राइव्हचं मोठं गिअर, व्हील बेअरिंग किंवा टायर.

यातले शेवटचे दोन गिअरबॉक्सच्या नावावर किती बिलं फाडतात याला गणती नाही. टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर ओरडणारा टायर नव्या डांबरावर आला की गप्प बसतो. गिअरबॉक्सला रस्ता कसला आहे हे कळत नाही. व्हील बेअरिंगसाठी रिकाम्या, रुंद जागी गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा घरघर वाढली तर बहुतेक उजवं बेअरिंग. खात्री करायची तर गाडी जॅकवर उचलून घोडीवर (आधाराच्या स्टँडवर) टेकवा. एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर नुसता ठेवा. खराब बेअरिंगची वाळूसारखी खरखर स्प्रिंगमधून बोटांना जाणवते, कानाला येण्याच्या कितीतरी आधी.

हे सगळं झाल्यावरही बोट गिअरबॉक्सकडेच राहिलं, तरी पहिला पाना तेलाच्या प्लगला लावायचा. गाडी सपाट जागी. आधी भरायचा प्लग सोडवा, तो सुटतोय हे पाहा आणि मगच खालच्या प्लगला हात लावा. उलट क्रमाने गेलात आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी तिथेच उभी. बाजूला प्लग असलेल्या गिअरबॉक्समध्ये तेल त्या भोकाच्या खालच्या काठाला लागलेलं असावं. करंगळी आत घालून खाली वाकवल्यावर टोक कोरडं आलं तर तेल कमी आहे, हे नक्की. काही गाड्यांत पातळी वेगळ्या रीतीने पाहतात. तिथे पुस्तिका म्हणेल तसं.

पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून कोमट झालेलं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण, पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तर गिअरबॉक्स खोलायचाच, पुढची चर्चा नको. तेलात पिवळी चमक दिसली तर ती सिंक्रो रिंगची (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कडीची) पितळ. ती चुंबकाला चिकटत नाही, उन्हात तेल हलवूनच दिसते.

लहान हॅचबॅकमध्ये तेल दोन लिटरच्या आसपास बसतं. नेमका आकडा आणि ग्रेड पुस्तिकेत असतो. ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०, एपीआय जीएल-४ (ही तेलाच्या दर्जाची खूण) हे नेहमीचे. दुकानदार ‘जीएल-५ त्याहून भारी’ म्हणून हातात ठेवतो. जीएल-५ मधली जास्त दाबासाठीची गंधक-फॉस्फरसची द्रव्यं दुपटीच्या आसपास असतात. त्यातली काही पितळेच्या सिंक्रो रिंगला मानवत नाहीत आणि रिंगला जे घर्षण हवं असतं तेही कमी होतं. मग आवाज तसाच राहतो आणि वर दुसऱ्या गिअरला खर्रर्र सुरू होतं. ड्रेन प्लगचा वॉशर नवा टाका. प्लग आवळताना लक्षात ठेवा की केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, एकदा आटे गेले की खर्च तेलापेक्षा मोठा.

नव्या तेलावर दोनशे-तीनशे किलोमीटर चालवा. तेल कमी पडल्याने आवाज असेल आणि बेअरिंग अजून खराब झालं नसेल, तर फरक लगेच कळतो. काही फरक नाही आणि वरच्या चाचण्या आतल्या शाफ्टकडेच बोट दाखवतायत, तर आता गॅरेजवाल्याला ‘उतरवा’ म्हणा.

प्रश्न : अ‍ॅक्सलचा फाटलेला बूट (सांध्यावरचं रबरी आवरण) बदलून घेतला. दोन महिन्यांनी पाचव्या गिअरमध्ये आवाज सुरू झाला, बाकीचे चारही शांत आहेत. दोन्हींचा संबंध असेल का? (नाशिक)

उत्तर : दाट संशय घ्यावा असाच प्रकार आहे. बूट बदलायला अ‍ॅक्सल बाहेर काढतात आणि तो गिअरबॉक्समधून निघाला की त्या भोकातून तेल धो-धो येतं. ते जमिनीवर सांडतं, त्यावर भुसा किंवा माती टाकली जाते आणि अ‍ॅक्सल परत बसवून गाडी देऊन टाकतात. किती गेलं हे कोणी मोजलेलं नसतं. शिवाय अ‍ॅक्सल तिरका घुसवताना त्याच्या दात्यांनी ऑइल सीलचा ओठ कापला गेला तर उरलेलं तेल रोज थेंबाथेंबाने जातं.

पाचवाच का? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत पाचव्या गिअरची जोडी मुख्य केसिंगच्या बाहेर, टोकाच्या झाकणात असते. मारुतीच्या छोट्या गाड्यांत डाव्या टोकाचं ते झाकण उघडलं की पाचवा समोरच दिसतो. तिथे तेल मुख्य भागातून उडून, वाहून पोचतं. पातळी अर्धा लिटर उतरली तरी आतले गिअर भिजत राहतात, पाचवा मात्र कोरडा पडतो. त्यात हमरस्त्यावर तासन् तास काम त्यालाच असतं.

आजच पातळी बघा. कमी निघाली तर भरा आणि त्या बाजूचं सील पाहा. बूट नवा असूनही आतल्या बाजूला ओलं, गंधकासारखा वास असलेलं तेल दिसलं तर सील गेलं. सील बदलताना ओठावर गिअर ऑइल लावून आणि अ‍ॅक्सल सरळ धरून बसवायला सांगा. भरून आवाज थांबला नाही तरी एक दिलासा आहे. पुष्कळ गाड्यांत टोकाचं झाकण गिअरबॉक्स न उतरवता, चाक काढून उघडता येतं. दातांच्या बाजूंवर टॉर्च मारा. मधल्या रेषेवर सुईने टोचल्यासारखे खड्डे किंवा निळसर जांभळा रंग दिसला तर ती जोडी कामातून गेली.

प्रश्न : तिसऱ्या गिअरचा आवाज येत होता म्हणून मेकॅनिकने त्याचं एक गिअर आणि एक बेअरिंग नवं टाकलं. आता आवाज पहिल्यापेक्षा जास्त आहे. पार्ट डुप्लिकेट असेल का? (पुणे)

उत्तर : पार्ट अस्सल असला तरी हेच झालं असतं. गिअर जोडीने झिजतात. लाखभर किलोमीटर एकमेकांना घासून दोघांचे दात एकमेकांच्या आकाराचे झालेले असतात. त्यातला एक नवा आणला की जुन्याचे उंचवटे नव्याच्या सपाट बाजूवर चालतात आणि आवाज वाढतो. गिअर बदलायचं तर समोरच्या शाफ्टवरचं जोडीदारही बदलावं लागतं. पुष्कळ गाड्यांत ते शाफ्टसकट एकाच तुकड्यात येतं, म्हणून मेकॅनिक टाळतो.

बेअरिंगची गोष्ट वेगळी. ते बसवलं कसं, हे विचारा. शाफ्टवर चढवताना जोर आतल्या रिंगवर यायला हवा आणि केसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या रिंगवर. पाइपचा तुकडा भलत्या रिंगवर ठेवून हातोडा मारला, की तो मार गोळ्यांमधून जातो आणि रिंगच्या गुळगुळीत वाटेवर गोळ्यांच्या अंतराने बारीक खळगे पडतात. असं बेअरिंग पहिल्या दिवसापासून बोलतं. प्रेस नसेल तर बेअरिंग शंभर अंशांच्या आसपास गरम तेलात ठेवून शाफ्टवर सरकवावं, हातोडी लागतच नाही.

नंबरही तपासा. बेअरिंगवर ६२०५ कोरलेलं असेल तर शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे आतलं भोक २५ मिमी. बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५. त्यापुढे सी-३ असं लिहिलेलं असेल तर त्यात गोळ्यांना नेहमीपेक्षा जास्त मोकळीक दिलेली असते, कारण गरम झाल्यावर ती भरून निघते. नाना पेठेत ‘नंबर तोच आहे’ म्हणून साधं ६२०५ दिलं, तर ते मापाला चपखल बसतं आणि गरम झाल्यावर आवळतं.

आणि एक बेअरिंग फुटलेलं असेल तर त्याचा चुरा तेलातून बाकी सगळ्यांत फिरून आलेला असतो. त्यामुळे दोन्ही शाफ्टची आणि डिफरन्शिअलची सगळी बेअरिंगं, दोन्ही अ‍ॅक्सलची सीलं, इनपुट शाफ्टचं सील, गिअर बदलणाऱ्या दांडीचं सील हे एकाच खेपेला. गिअरबॉक्स खाली आहे तोवर रिलीज बेअरिंगही. त्याची किंमत गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही.

प्रश्न : घरी वडिलांची चार गिअरची जुनी अ‍ॅम्बॅसिडर जपून ठेवली आहे. पहिल्या तीन गिअरमध्ये हुंकार येतो, चौथ्यात जवळजवळ नाही. आणि ऐंशीच्या पुढे मागून वेगळाच सूर. (मडगाव)

उत्तर : तुमचं ऐकणं चोख आहे, निम्मं निदान पत्रातच झालं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या अशा गाडीत चौथा गिअर थेट असतो: इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकमेकांत अडकून एकत्र फिरतात. पहिल्या तीन गिअरमध्ये ताकद खालच्या ले शाफ्टवरून (समांतर बसवलेल्या गिअरांच्या शाफ्टवरून) जाते. चौथ्यात ले शाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. म्हणून तीन गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात शांतता, याचा अर्थ ले शाफ्टची नीडल बेअरिंगं आणि ज्या दांडीवर ती चालतात ती दांडी. खोलल्यावर दांडीवरून नख फिरवा. नखाला पायरी लागली तर नुसत्या नीडल बदलून भागणार नाही, दांडीही नवी. (पुढच्या चाकांवरच्या गाड्यांत असा थेट गिअर सहसा नसतो, त्यामुळे सांगलीच्या वाचकांनी ही खूण वापरू नये.)

मागचा सूर क्राउन-पिनियनचा, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या दातेरी जोडीचा. ओढताना एक आवाज आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर दुसरा किंवा नाहीच, तर दातांची बसणी चुकलेली आहे. दोन्ही वेळेला सारखीच घरघर असेल तर पिनियनची बेअरिंगं. बेअरिंग बदलणाऱ्याकडे डायल गेज (बारीक अंतर मोजणारं काट्याचं साधन) आहे ना, हे आधी विचारा. क्राउन आणि पिनियनमधला मोकळा खेळ मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शात असतो, तो हाताने हलवून ‘बरोबर वाटतंय’ म्हणण्याचा विषय नाही. दातांना निळा रंग लावून फिरवल्यावर ठसा दाताच्या मध्यावर उमटायला हवा.

मागच्या अ‍ॅक्सलमध्ये हायपॉइड (एकमेकांवर घसरत चालणारे तिरके) दात असतात, तिथे जीएल-५ च. गिअरबॉक्समध्ये पुस्तिका सांगेल ते. काही जुन्या गिअरबॉक्सना चक्क इंजिन ऑइल सांगितलेलं असतं. एकच डबा दोन्हीकडे ओतणं ही जुनी खोड आहे.

प्रश्न : सेकंडहँड गाडी घेतली. ती जुलै २०२१ च्या पुरात होती हे नंतर कळलं. आता गिअरबॉक्स गुणगुणतो. तेल नवं टाकलं तरी फरक नाही. (चिपळूण)

उत्तर : गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा ये-जा करायला एक लहान ब्रीदर असतो. गरम गिअरबॉक्स पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्याच वाटेने पाणी ओढलं जातं. पाणी मिसळलेलं तेल दुधाच्या चहासारखं दिसतं, ते लगेच बदललं तर बहुतेक वेळा निभावतं. पण गाडी तशीच महिनाभर उभी राहिली तर गोळ्या जिथे रिंगला टेकलेल्या असतात तिथे गंजाचे ठिपके पडतात. तेल कितीही बदला, ठिपके भरून येत नाहीत. बेअरिंगं बदलावी लागतील. काढलेलं बेअरिंग डिझेलमध्ये धुवा, दोन थेंब तेल टाका आणि कानाजवळ हाताने सावकाश फिरवा. कंप्रेसरच्या हवेने भिंगरीसारखं फिरवू नका. कोरडं बेअरिंग त्या वेगाने खराब होतं आणि क्वचित गोळ्या उडतातही. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर साफ करा, नाही तर आत दाब वाढून नवी सीलं गळतील.

प्रश्न : मोबाइलवरच्या फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या अ‍ॅपचा उपयोग होतो का? (इचलकरंजी, अभियांत्रिकी विद्यार्थी)

उत्तर : होतो, हिशेब येत असेल तर. टॅकोमीटर (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या दाखवणारा काटा) ३००० वर असताना इनपुट शाफ्ट सेकंदाला ५० फेऱ्या मारतो. अ‍ॅपवर ७५० हर्ट्झचा सुळका दिसला तर ७५० भागिले ५०, म्हणजे १५. इनपुट शाफ्टवर १५ दातांचं गिअर कुठलं, ते शोधा. न्यूट्रलमध्येही राहणाऱ्या आवाजाला चाकाचा हिशेब लावायचा. १.७ मीटर घेराचं चाक साठच्या वेगात सेकंदाला साधारण दहा फेऱ्या घेतं. डिफरन्शिअलच्या मोठ्या गिअरला ७० दात असतील तर सूर ७०० हर्ट्झच्या जवळ. बेअरिंगचा आवाज याहून खालच्या पट्टीत असतो. आठ गोळ्यांच्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला खड्डा असेल तर शाफ्टच्या एका फेरीत साधारण तीन ठोके, म्हणजे ५० फेऱ्यांना दीडशेच्या आसपास. म्हणूनच गिअर ‘गातो’ आणि बेअरिंग ‘घरघरतं’. दातांची संख्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळते. फोन डॅशबोर्डवर नको, सीटवर उशीत ठेवा. डॅशबोर्ड स्वतःच थरथरतो.

प्रश्न : आवाज बंद करणारं अ‍ॅडिटिव्ह किंवा जाड तेल टाकून चालेल का? (सोलापूर)

उत्तर : आवाज दबेल, झीज चालू राहील. ८५डब्ल्यू-१४० सारखं जाड तेल गाडी विकण्याआधी भरलं जातं, तेवढाच त्याचा बाजारात उपयोग. जुनी गाडी घेताना ते असं ओळखा: सकाळी थंड गाडीत पहिला-दुसरा गिअर चिखलात रुतल्यासारखा जातो, वीस किलोमीटर झाले की गिअर हलके होतात आणि त्याच वेळी आवाज वर येतो. म्हणून ट्रायल गल्लीत एक फेरी मारून संपवू नका. तेल तापेपर्यंत चालवा.